पेंगणारी कोंबडी आणि आपला धम्म



धम्मावर लेख म्हटला की आपण अनात्मवाद, निर्वाण, पुनर्जन्म असल्या प्रश्नांची अपेक्षा करतो. ते प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर लिहिणारे अभ्यासक आपल्यात आहेत. मी आज एका कोंबडीविषयी लिहिणार आहे. हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळांच्या अंगणात पाचदहा कोंबड्या असतील. नसतील तर आईच्या नाहीतर सासूच्या अंगणात असतील. निर्वाणाचा प्रश्न आपल्या दाराशी रोज येत नाही. कोंबडीच्या दुखण्याचा येतो.

समजा, सकाळी तुम्ही खुराड्याची फळी सरकवली. सगळ्या कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या, एक तेवढी कोपऱ्यात बसून राहिली. मान आखडलेली, पिसे फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. दाणे टाकले तरी उठली नाही. आता पुढच्या अर्ध्या तासात घरात काय बोलले जाते ते आठवा. आजी म्हणते, नजर लागली, मीठमिरच्या ओवाळून टाका. वडील म्हणतात, मरायच्या आत कापा, कालवण तरी होईल. थोरला मुलगा म्हणतो, आज बाजार आहे, ऊन चढायच्या आत विकून येतो. आणि कोणीतरी हळूच म्हणते, काल ती पलीकडची म्हातारी अंगणातून गेली होती. चार तोंडांतून चार उपाय निघाले. पण तिला काय झाले आहे, हे कोणी विचारले का? भिंतीवर तथागतांची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे. त्या तसबिरींखाली बसून हे चार उपाय निघाले, म्हणून मला हा लेख लिहावासा वाटला.

तथागतांना जुन्या ग्रंथांतून वैद्याची उपमा दिलेली आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते आणि दूर करण्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. वैद्याची रीतही तीच. तो आधी दुखणे बघतो, मग कारण शोधतो, मग औषधाकडे हात नेतो. आपण मात्र दुखणे न बघता उपायावर उडी मारतो. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द अवघड असेल, पण त्याचा अर्थ खुराड्याच्या दाराशी बसून समजतो: काहीही कारणावाचून घडत नाही आणि ते कारण शोधण्याचे काम माणसाचे आहे.

या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात लोकांच्या कर्मकांडांविषयी लिहिले आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे तो म्हणतो; त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे आणि प्राण्यांच्या बाबतीत संयम पाळणे हाच खरा विधी, असे त्याचे सांगणे आहे. या नवव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रातच, सोपाऱ्याजवळ भुईगावला सापडला. साल होते १९५६. ज्या वर्षी आपण नागपूरला दीक्षा घेतली त्याच वर्षी हा दगड जमिनीतून वर आला, याला मी चमत्कार म्हणणार नाही. तसे म्हणालो तर ह्या लेखाचाच पराभव होईल. पण योगायोग म्हणून तो मला आवडतो. एक तक्रार मात्र आहे. अशोकाने त्या लेखात असल्या विधींचा दोष विशेषकरून बायांवर टाकला आहे. माझा अनुभव असा की ओवाळायला आजी सांगते हे खरे, पण मरीआईला कोंबडे कबूल करून येतो तो बहुधा घरातला पुरुषच.

ते असो. आता त्या कोंबडीकडे वळू, कारण ती अजून कोपऱ्यात बसलेली आहे.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. कोंबडी आपले दुखणे लपवते. कळपातल्या दुबळ्या पाखरावर शिकारी आधी झडप घालतो आणि बाकीच्या कोंबड्याही त्याला टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखी फिरत राहते. जी आज पेंगताना दिसली ती बहुधा दोनतीन दिवसांपासून आजारी आहे. म्हणूनच रोज सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे उभे राहून बघावे: कोण शेवटी बाहेर आली, कोण दाण्यावर धावली नाही. ज्या घरात हे रोज बघितले जाते तिथे अर्धे निदान आपोआप होते. हे काम घरातली लहान मुलगी सर्वांत चांगले करते असे मी पाहिले आहे, कारण तिला प्रत्येक कोंबडीचे नाव ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक बसलेली कोंबडी आजारी नसते. खुडूक झालेली कोंबडीही पिसे फुगवून बसते, खात नाही, हात लावला की गुरगुरते. तिच्या डोळ्यांत मात्र तेज असते. पिसे गळण्याच्या दिवसांतही कोंबडी मलूल दिसते आणि अंडी बंद करते. यांना औषधाची गरज नाही. न झालेल्या दुखण्यावर इलाज करणे हेही अज्ञानच.

आता तिला हळूच उचला. उचलताना पंख अंगाशी धरा, पाय धरून उलटी टांगू नका. बाजारात आपण तसे टांगून नेतो ते बघून बघून ती आपल्याला योग्यच रीत वाटते. पण तसे टांगल्यावर तिला नीट श्वास घेता येत नाही. मग तुऱ्याकडे बघा. तुरा फिकट पांढुरका असेल तर अंगात रक्त कमी आहे: पोटात जंत असतील, नाहीतर रात्री पिसवा रक्त पीत असतील. तुरा निळाजांभळा असेल तर श्वासाचे किंवा रक्ताभिसरणाचे मोठे दुखणे आहे, किंवा साथ आली आहे. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती मसुरीएवढे फोड आणि खपल्या असतील तर त्या कोंबड्यांच्या देवी. देवी म्हटल्याबरोबर कोणी हात जोडू नयेत. तो एक विषाणू आहे, तो मुख्यतः डासांमुळे पसरतो, त्याची लस आहे आणि बहुतेक पाखरे तीनचार आठवड्यांत बरी होतात. तोवर डोळे स्वच्छ पुसून तिला खाता येते की नाही तेवढे बघावे लागते.

छातीचे मधले हाड बोटांनी चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर दुखणे ताजे आहे. हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत असेल तर कोंबडी कित्येक आठवड्यांपासून झिजते आहे आणि तुम्हाला आज दिसले. मग गळ्याखालची दाण्याची पिशवी. रात्री ती भरलेली असते, सकाळी रिकामी असली पाहिजे. सकाळीही ती टणक भरलेली असेल तर आत गवत, सुतळी, प्लास्टिक अडकले आहे. मऊ, पाण्याने भरल्यासारखी लागत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आतले अन्न कुजते आहे.

शिट बघायला लाजू नका. चांगली शिट घट्ट, करडी-तपकिरी आणि वर पांढरा टोप असलेली असते. दिवसातून एकदोनदा चिकट, घाण वासाची, काळपट शिट पडते तीही स्वाभाविकच आहे. हिरवी पातळ शिट म्हणजे एक तर कोंबडी उपाशी आहे, नाहीतर मोठी साथ आहे. पिलांना पावसाळ्यात, खाली ओल असताना, शिटेतून रक्त जाऊ लागले तर ती रक्ती हगवण. महिनाभराच्या आगेमागेची पिले त्यात पटापट जातात. तिच्यावर औषध आहे, पण ते पशुवैद्यकाने सांगितलेल्या मापाने पाण्यातून द्यावे लागते आणि खालचे ओले भूस काढून कोरडे टाकावे लागते. भूस न बदलता नुसते औषध दिले तर दुखणे पुन्हा येते, कारण ते त्या ओलीतच असते. कारण दूर केल्याशिवाय दुःख दूर होत नाही, याचा याहून सोपा धडा मला सापडलेला नाही.

शेपटी खाली टाकून, पाय फाकवून, कुंथत असलेली तलंग दिसली तर अंडे अडकलेले असू शकते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला पंधरावीस मिनिटे पोटापर्यंत बसवा, बाहेरच्या बाजूला थोडे तेल लावा, मग अंधाऱ्या उबदार जागी एकटी सोडा. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नका. आत फुटले तर ती मरते. मेमध्ये दुपारी चोच वासून, पंख पसरून धापा टाकत असेल तर ती उन्हाची बाधा. सावली, वारा आणि गार पाणी हेच औषध. आणि एके रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी बघा. दिवसा न दिसणाऱ्या लाल पिसवा रात्री तिथून निघताना दिसतील. कोंबडी रात्री खुराड्यात जायला तयार नसते तेव्हा आपण म्हणतो तिला काहीतरी दिसले. दिसले काही नाही, चावले.

काळजी घेणे म्हणजे काय, याचीही उत्तरे साधी आहेत. आजारी पाखरू वेगळे करा. डालग्याखाली कोरडे गोणपाट टाकून उबेत ठेवा, पण चुलीच्या धुरात नको. आधी पाणी, मग दाणा. लिटरभर पाण्यात थोडा गूळ आणि मिठाची चिमूट. पाणी चोच उघडून ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, पाणी तिकडे गेले की ती गुदमरते. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, ती स्वतः गिळते. ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या, उकडलेल्या अंड्याचा चुरा द्या. दाणापाणी आधी निरोग्यांना, शेवटी आजारी पाखराला, आणि नंतर साबणाने हात धुवा. उरलेल्या माणसाच्या गोळ्या कुटून घालू नका. विषाणूच्या रोगावर त्या गोळ्या चालत नाहीत, आणि जे औषध कोंबडीच्या अंगात जाते ते अंड्यातून आपल्या मुलांच्या पोटात येते.

महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या कामाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची लक्षणेही सांगितली आहेत: त्याला औषध तयार करता यावे, काय हिताचे व काय अहिताचे ते कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये, आणि धीर द्यावा. हा उपदेश माणसांसाठी होता हे मला ठाऊक आहे. पण बावीस प्रतिज्ञांपैकी एका प्रतिज्ञेने आपण प्राणिमात्रांवर दया करण्याचे आणि त्यांचे पालन करण्याचे बांधून घेतले आहे. पालन म्हणजे दाणे टाकणे एवढेच असेल तर ते बाजारातला व्यापारीही करतो.

इथे तुमच्यापैकी एखादा रोखठोक विचारील: आम्ही रविवारी कोंबडी कापून खातो, मग सोमवारी आजारी कोंबडीला गूळपाणी कसले पाजता? हा ढोंगीपणा नाही का? प्रश्न टाळण्यासारखा नाही. देवदत्ताने संघात मांसमासे पूर्ण वर्ज्य करण्याचा नियम मागितला तेव्हा तथागतांनी तो नाकारला होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, असे ते सांगतात. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याच्या विवेकावर सोपवते. मी खातो म्हणून तिच्या वेदनेशी माझा संबंध संपला, हे कुठल्याच तत्त्वात बसत नाही. उलट जो खातो त्याचेच देणे जास्त. जे पाखरू आठ महिने अंडी देऊन तुमच्या मुलांच्या वह्या-पेन्सिली पुरवते, त्याचे शेवटचे चार दिवस तुमच्या हातात असतात.

मग मानमोडीने तडफडणाऱ्या कोंबडीला मारून मोकळे करावे का? माझे मत सांगतो. तुम्हाला पटले पाहिजे असे नाही. घाई करू नये. मानमोडीतून वाचलेल्या काही कोंबड्यांची मान वाकडी राहते, त्यांना दाणा नीट टिपता येत नाही, पण खोलगट भांड्यात चारले तर त्या जगतात. आमच्या एका मावशींची अशी वाकड्या मानेची कोंबडी दोन वर्षे जगली आणि अंडीही देत होती. परंतु जी उठत नाही, गिळत नाही, श्वासासाठी झगडते आहे आणि वाचण्याची आशा उरलेली नाही असे जाणकाराने सांगितले आहे, तिला एका क्षणात मुक्त करणाऱ्या हाताच्या मागे मारण्याची इच्छा असते असे मला वाटत नाही. काही भिक्खू याला मान्यता देणार नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. फक्त एवढे विचारीन की तिच्या वेदना बघवत नाहीत म्हणून आपण मारतो आहोत, की आपल्याला चार दिवसांची सेवा नको आहे म्हणून? हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी बघावे.

आता वडिलांचा उपाय. मरायच्या आत कापा. मेलेल्याच्या आत आणि मेल्यानंतर यांत अंतर किती, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेउष्टे सोडण्याची हाक दिली. आपल्या आज्यापणज्यांनी ती हाक ऐकून उपास काढले, गावाचा रोष पत्करला. त्या त्यागाचे मोल पंचवीस रुपयांच्या मसाल्यात घालवू नका. आणि केवळ स्वाभिमानाचाच प्रश्न नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पुन्हा सापडला. नीट शिजवलेल्या मांसाने तो होत नाही, पण आजारी पाखरू कापताना, सोलताना, पिसे उपटताना माणसाला होऊ शकतो. हे काम घरात कोण करते? बाई करते, आणि मुले भोवती बसलेली असतात. एकदोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो. २००९ च्या कायद्याप्रमाणे असे साथीचे रोग ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. मेलेली पाखरे ओढ्यात फेकू नका, कुत्र्यांना घालू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

राहिला बाजाराचा उपाय आणि पलीकडच्या म्हातारीचा. या दोहोंची कथा माझ्या घरात एकच आहे, म्हणून एकत्र सांगतो. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या वस्तीत मर आली. कोंबड्या माना पिरगाळून गोल गोल फिरत, हिरवे हगत आणि पडत. पंधरा दिवसांत सत्तरच्या वर गेल्या. वस्तीने दीक्षा घेऊन वर्षे झाली होती. तरी कुजबूज सुरू झाली ती एका विधवा म्हातारीवर. पुरावा काय, तर हिच्या घरची एकही कोंबडी मेली नाही. तिच्याकडे कोंबड्याच नव्हत्या! पण हे कोणाच्या ध्यानात येईना. दोन महिने तिला कोणी विस्तव दिला नाही की पाण्याला हात लावू दिला नाही. ज्या लोकांना गावाने शतकानुशतके पाण्याला हात लावू दिला नव्हता त्या लोकांनी हे केले, म्हणून ते मी विसरलेलो नाही. आज २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तेव्हा तोही नव्हता.

कारण नंतर उलगडले. एका घरी पाहुणे यायचे होते म्हणून बाजारातून स्वस्तात एक कोंबडा आणला होता. तो दोन दिवस अंगणात बांधून ठेवला होता, मलूल होता, मग कापला. त्याची पिसे आणि आतडी उकिरड्यावर पडली आणि वस्तीच्या सगळ्या कोंबड्या त्या उकिरड्यावर गेल्या. राणीखेत म्हणतात तो हाच रोग, आपली मानमोडी. कुमाऊँतल्या राणीखेत गावी तो १९२७ च्या सुमारास ओळखला गेला म्हणून आपल्याकडे त्याला ते नाव. शिटेतून, चोचीच्या लाळेतून, माणसाच्या पायतणातून, कोंबड्यांच्या पाट्यांतून तो पसरतो, आणि लागण झाल्यावर बहुधा पाचसहा दिवसांनी दिसतो. म्हणजे बाजारात धडधाकट दिसणारा कोंबडाही तो घेऊन येऊ शकतो. नवीन आणलेले पाखरू दोन आठवडे वेगळे ठेवायचे, ते यासाठी.

आणि आमच्या घराने काय केले? आमच्या तीन कोंबड्या उरल्या होत्या, त्यांतली एक पेंगू लागली. वडील म्हणाले, तिघींना घेऊन जा. मी सहा कोसांवरच्या बाजारात गेलो. एका मावशीने पदराच्या गाठीतून पैसे काढून तिन्ही घेतल्या. तिने विचारले, “हिचा डोळा का असा रे लेकरा?” मी म्हणालो, “उन्हानं, मावशी.” पुढच्या बाजारी ती मला भेटली. तिच्या घरच्या नऊ गेल्या होत्या. ती माझ्यावर रागावली नाही, तिला माझा संशयही आला नव्हता. उलट ती मला सांगत होती की तिच्या गावात कोणीतरी करणी केली आहे. मी ऐकून घेतले आणि गप्प बसलो. पंचशील मला पाठ होते.

कोणी म्हणेल, गरिबाने काय करावे, त्या तीन कोंबड्यांत त्याचे महिन्याचे तेलमीठ होते. मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण जिने घेतल्या तीही गरीबच होती. श्रीमंत माणूस आठवडी बाजारात पदराच्या गाठीतून कोंबड्या घेत नसतो. सम्यक आजीविका हे अंग श्रीमंतांसाठी सांगितलेले नाही. आणि माझ्या गप्प बसण्याने तिच्या गावात आणखी एखादी म्हातारी वाळीत पडली असेल की नाही, हे मला कधी कळले नाही.

मानमोडीवर औषध नाही, लस आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पंखाखाली टोचायची, पुढे पशुवैद्यक सांगतील तशी. खर्च फार नाही. अडचण वेगळीच आहे. लसीची बाटली पुष्कळदा शंभर पाखरांची येते, बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की तासदोन तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे सहा कोंबड्या आहेत त्याने एकट्याने ती आणून उपयोग नाही. म्हणजे पंधरावीस घरांना एकत्र यावेच लागते. आमच्याकडे लस गावापर्यंत येई आणि वस्तीपर्यंत येत नसे. दोनदा विचारणा केली, उडवाउडवीची उत्तरे मिळाली. मग विहारात बैठक घेऊन आम्हीच घरोघर मोजणी केली: वस्तीच्या त्र्याऐंशी कोंबड्या. बाटलीत सतरा मात्रा उरत होत्या. त्या वाया घालवायच्या की गावातल्या घरांना विचारायचे, यावर बैठकीत बराच वाद झाला. ज्यांनी आमची कधी विचारपूस केली नाही त्यांच्या कोंबड्या आपण का वाचवायच्या, असे तरुणांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. शेवटी एका बाईने सांगितले की गावातली कोंबडी आणि वस्तीतली कोंबडी एकाच उकिरड्यावर चरते. तिकडची आजारी पडली तर आपली टोचलेली पिले मोठी होईपर्यंत धोका आहेच. ओढ्याकडच्या पाच घरांना निरोप गेला. तीन आली.

तुम्ही हे करणार असाल तर दोनतीन गोष्टी सांगून ठेवतो. लस फक्त निरोगी पाखरांना द्यायची. ज्याच्या अंगात रोग आधीच शिरला आहे ते लस दिल्यावरही मरेल, आणि मग लोक म्हणतील लसीनेच मेले. हे आधीच सर्वांना समजावून ठेवा. साथ यायच्या आधी द्यायची, उन्हाळा लागण्यापूर्वी. वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची ठेवा, तेव्हा कोंबड्या खुराड्यातच असतात आणि पकडताना धावपळ होत नाही. बर्फ थर्मासात भरा, बाटली उन्हात काढू नका. आणि ज्या घरात कोंबड्या नाहीत, अशा घरच्या म्हातारीलाही त्या दिवशी बोलवा. कंदील धरायला माणूस लागतोच.